आगशीच्या माणसाची टोपली

चोडणहून रायबंदरला सव्वाआठची फेरीबोट.
लोखंडी फळी वर उचलली जाते,
स्कूटरी एकमेकींना टेकून उभ्या,
आणि पाण्यावरच्या त्या थोड्या मिनिटांत
आम्ही सगळे माना खाली घालून
दुसऱ्यांचं बोलणं पुढं ढकलत असतो.

एस्पेरांसाबाई रोज एक सायबीण धाडतात,
कधी गुलाबांतली, कधी ढगांतली,
कुणी केली, त्यांना ठाऊक नाही.
विचारलं तर म्हणाल्या, "म्हजेकडेन उतरां नात रे.
पण मी उठले, हे पोरांना कळायला नको?"
तीन पोरं, तीन देश.
एखाद्या सकाळी सायबीण पोचली नाही
तर दुपारच्या आत फोन येतो.

वेल्डर वासू च्यारी: ओ निगेटिव्ह हवं, बांबोळी, तातडीनं.
अरे, ही चिठी चार वर्षांमागची,
पेशंट कधीच घरी गेला असेल,
किंवा...
"असू दे," तो म्हणाला. "आपलं बी पॉझिटिव्ह.
आपण आणखी काय देणार?"

आणि नोंदणी कार्यालयातली ती निधी,
तिच्याकडे सगळा राग:
कापलेला डोंगर, बुजवलेलं शेत, पहाटेचा जेसीबी.
तिच्या बापानं विकलेल्या टेकडीवर मात्र
अजून कुणी काही लिहिलेलं नाही.
ती वाट बघतेय, असं मला वाटतं.

लग्नात नवरीबरोबर जे गोडाधोडाचं येतं
त्याला आमच्याकडे ओझं म्हणतात.
घरोघर वाटायचं.
कुणी शिजवलं हे कोण विचारतो,
कुणाच्या घरून आलं तेवढं बघतात.
आणि कुणाच्या घरून आलं नाही, ते जास्त.

मी कधी काही शेअर करत नसे.
भूमापन खात्यात सव्वीस वर्षं
लोकांच्या जमिनीच्या प्रती काढून देतो,
तेवढं पुरे होतं.

मार्चमध्ये आगशीच्या कुणा अनोळखी माणसानं
तिसऱ्यांची टोपली टाकली.
चिखलासकट. खाली एवढंच:
आज सुकती मोठी.

अंगठा आपोआप गेला.

सगुण माझा धाकटा. स्विंडनला असतो,
गोदामात, रात्रपाळीला.
सहा वर्षं बोलणं नाही, अर्ध्या विहिरीवरून.
नकाशा मीच काढला होता.
रेषा बरोबर होती. बहुतेक म्हणूनच.
आणि त्याआधी कधीतरी
मांडीभर चिखलात आम्ही दोघं,
त्यानं पायांनी चाचपायचं,
"हांगा, हांगा" म्हणायचं,
मी वाकून काढायचं.
हे मी लिहायला बसलो असतो
तर पहिल्या ओळीतच विहीर आली असती.

सतरा जणांनी पसंती दिली.
कुणी विचारलं, काय भाव?
मामेबहिणीनं लिहिलं, सुक्कं कर.
तो नव्हता त्यांत.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मध्यावर बघतो,
त्याच्या भिंतीवर तीच टोपली.
माझ्याकडून उचललेली नाही,
थेट आगशीच्या माणसाकडून.
एक अक्षर नाही.
तिकडची वेळ पहाटे पावणेचार.

फळी धाडकन पडली.
मागच्यानं हॉर्न दिला, मग शिवी.

त्या माणसाला यातलं काय माहीत.
तिसऱ्या विकून, टोपली धुऊन
पालथी घातली असेल त्यानं.
मी रोज त्याच्याकडे डोकावतो.
महिना झाला, नवीन काही नाही.
सुकती तर रोज असते, दोनदा.
मग हा टाकत का नाही काही?